जर्मनीला निघालेल्या पोरापोरींच्या बँक खात्याबाबत सूचना

गटातील सर्व पालकांना राम राम. तिथं घर भाड्यानं घेतलं की २ आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते. तो कागद आणि पासपोर्ट बहुतेक बँका खात्यासाठी मागतात. नोंदीला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. चावी घेतानाच मागा, मग मालक फोन उचलत नाही बाप्पा! बँकेनं नाही म्हटलं तर घाबरू नका, कायदेशीर राहणाऱ्याला साध्या खात्याचा हक्क तिथं २०१६ पासून आहे.

इकडचं बचत खातं नोकरीवर गेल्यावर एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं इकडचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. त्याला जोडलेल्या नंबरचा रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर ओटीपीसाठी तालुक्याच्या शाखेत बापाच्याच चकरा.

शंका असल्यास बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत या. पासपोर्टची झेरॉक्स आणा.