बामणोलीच्या बोटवाल्या काकांचे आभार

मागच्या महिन्यात आम्ही मित्रमंडळी वासोटा किल्ल्यावर गेलो होतो. उतरताना पायथ्याच्या मेट इंदवलीच्या जरा वर एका मैत्रिणीचा पाय मुरगळला आणि बघता बघता घोटा टम्म सुजला. तिथं ना गाडीरस्ता, ना मोबाईलला रेंज. अभयारण्याचा भाग, त्यामुळे मुक्काम नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीनं बामणोली गाठायची, तीही अंधाराच्या आत.

बोटवाले काका खोळंबून वैतागले असतील असं वाटलं, तर ते स्वतःच वाट चढून आले! आमच्या वाटाड्या दादांनी तिला पाठुंगळी घेतलं, काकांनी आमच्या सॅक उचलल्या. बोटीत काकांनी खांद्यावरचा टॉवेल कोयनेच्या गार पाण्यात बुडवून घोट्याला गुंडाळला. जरा वेळ गेला की इंजिन पोराच्या हाती द्यायचे आणि टॉवेल पुन्हा भिजवायचे. बामणोलीचा धक्का येईपर्यंत हेच चाललं होतं. वर दटावणी, "हलवू नगंस पोरी, नायतर आनखी सुजंल."

जादा पैसे देऊ केले, तर हातच लावेनात. उलट चहा त्यांनीच पाजला.

काका, दादा, मनापासून आभार. साताऱ्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे. पोरगी आता नीट चालतेय.