आधी तिला विचारा, मग घरी फोन करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका समुपदेशन केंद्रात मी 18 वर्षं काम केलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या शेकडो तक्रारी लिहून घेतल्या. त्यातली एक मी चुकवली.

2017च्या डिसेंबरात 22 वर्षांची एक मुलगी आली. दंडावर पट्ट्याचे वळ. मी सवयीनं आमच्या केंद्राचा फॉर्म पुढे ओढला. पतीचे नाव, विवाहाची तारीख, सासरचा पत्ता. ती म्हणाली, ‘‘माझं लग्न नाही झालं मॅडम. भाऊ मारतो, आई खोलीला कडी लावते.’’ कशावरून, असं विचारल्यावर बराच वेळ खाली बघत बसली. मग म्हणाली, ‘‘माझं एका मुलीवर प्रेम आहे.’’

मी पेन खाली ठेवलं. तिला न विचारता वडिलांना फोन लावला. दोन तासांत ते आले, मी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि तिला त्यांच्यासोबत पाठवलं. पुढच्या तारखेला ती आली नाही. महिन्याभरात तिचं लग्न लावून दिल्याचं कळलं.

कायदा तेव्हाही तिच्या बाजूनं होता. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातली ‘पीडित व्यक्ती’ म्हणजे केवळ बायको नव्हे, लेकही. आईविरुद्धही दाद मागता आली असती, कारण तक्रार प्रौढ पुरुषाविरुद्धच हवी ही अट सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2016मध्येच काढली होती. घराबाहेर जाऊ न देणं, एखाद्या व्यक्तीला भेटू न देणं, मनाविरुद्ध लग्नाची जबरदस्ती हे सगळं घटना अहवालाच्या सरकारी नमुन्यात छापलेलं आहे. तो नमुना माझ्याच कपाटात होता.

अशा मुलींवर समुपदेशनातून त्यांची ओळख बदलण्याचा दबाव आणू नये, त्यांच्याशी एकांतात बोलावं, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024मध्ये न्यायाधीशांनाच सांगितलं. मग ते महिलांच्या 181 हेल्पलाइनवर, पीडित स्त्रियांना एका छताखाली मदत देणाऱ्या सखी केंद्रात, या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात का पोचू नये? फॉर्मवर ‘पतीचे नाव’ऐवजी ‘त्रास देणारी व्यक्ती आणि नातं’ लिहायला पैसे लागत नाहीत. ट्रान्स स्त्री रात्री दाराशी आली तर तिला कुठल्या खोलीत झोपवायचं, हे आधारगृहानं आधीच ठरवलेलं असावं; तिला ओसरीवर ताटकळत ठेवून वरिष्ठांना फोन करत बसू नये. समलिंगी मुलाला बाप मारतो तेव्हा तर हा कायदा त्याला दारातही घेत नाही, कारण पीडित व्यक्ती स्त्रीच असावी लागते. ते विधिमंडळाचं, संसदेचं काम, आणि ते व्हायलाच हवं.

पण फोनचं काम उद्या सकाळपासून होऊ शकतं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी एवढं एका ओळीचं परिपत्रक काढावं : तक्रारदाराच्या संमतीशिवाय तिच्या घरी कुणीही फोन करणार नाही.

– एक निवृत्त समुपदेशक, सातारा