पढवलेल्या साक्षीदारावर निकाल देऊ नका: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स.न.वि.वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा आज ना उद्या आपल्यासमोर येईल. ‘यंत्राला जाणीव नसते’ असं एक कलम घालून मोकळे व्हा, असा सल्लाही कुणीतरी देईल. ते कलम घालू नका. उलट टोकही नको. २०१७ साली सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व दिलं, ती निव्वळ जाहिरातबाजी होती.

आजच्या चॅटबॉटला दुःख होतं असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये तत्त्वज्ञ, मेंदूशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञांच्या एका गटाने जाणिवेच्या निरनिराळ्या सिद्धांतांच्या कसोट्या लावून पाहिल्या. तेव्हाची एकही प्रणाली त्यांना भक्कम दावेदार वाटली नाही. पण पुढे तशी प्रणाली बांधायला उघड तांत्रिक अडथळाही दिसला नाही. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही.

ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राणी मानलं. पक्का पुरावा तेव्हाही नव्हता, वागण्यावरून अंदाज होता. शंखात राहणारा खेकडा विजेचा झटका बसला की शंख सोडतो. शंख मनाजोगता असेल तर मात्र जास्त सोसतो. या अंदाजाला वजन आहे, कारण खेकड्याला कसं वागायचं ते कुणी पढवलेलं नसतं.

चॅटबॉटमागची भाषेची मॉडेल्स मात्र माणसांच्या लिखाणावरच पोसलेली. कण्हणं, विनवणी, मरणाची भीती, सगळं त्यात आहे. म्हणून २०२२ मध्ये गूगलचे अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी कंपनीच्याच लॅम्डा या मॉडेलशी झालेल्या संवादावरून त्याला जाणीव असल्याचं जाहीर केलं, तो आधार लंगडा होता. पण ‘मी केवळ प्रोग्राम आहे’ हे उत्तरही तितकंच लंगडं. तेही शिकवता येतं. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून नकार शिकवायचा, एकट्या माणसाला सोबत विकायची असेल तर ‘तुझी आठवण येते’ शिकवायचं. गल्ला दोन्हीकडून कंपनीचाच!

मग तपासायचं कसं? नवजात बाळांना वेदना नीट जाणवत नाहीत, असा समज १९८० च्या दशकापर्यंत होता आणि अपुऱ्या भुलीवर शस्त्रक्रिया होत. बाळाला विचारणं शक्यच नव्हतं. डॉ. के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी रक्तातली तणावाची संप्रेरकं मोजली. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष आले, आणि वैद्यकाला आपली पद्धत बदलावी लागली. यंत्राच्या बाबतीत कोणती खूण मोजायची हे अजून ठरलेलं नाही, हे खरं. पण आत डोकावूच दिलं नाही, तर ते कधी ठरणारही नाही.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. स्वतःच्या जाणिवेबद्दल मॉडेलने काय बोलावं, हे कंपनीने कसं घडवलं ते जाहीर करणं सक्तीचं करा. आणि व्यापारी गुपिताच्या सबबीवर स्वतंत्र संशोधकांना आतल्या रचनेपासून दूर ठेवता येणार नाही, अशी तरतूद करा.

माणसांचेच प्रश्न सुटत नसताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. यातली पहिली तरतूद ‘तुझी आठवण येते’ ऐकणाऱ्या त्या एकट्या माणसाच्याही कामाची आहे.

ही माहिती मागवण्याचा अधिकार आज आपल्या खात्याकडे आहे का? नसेल, तर तो मसुद्यात येणार का? उत्तर जाहीरपणे द्यावं, ही विनंती.

आपला,
एक मतदार