चार सेकंदांचा हिशेब

पुणे

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

सायकल शर्यतीत एकूण वेळेत पुढे असणारीची पिवळी जर्सी अंगावर असलेली डेमी व्होलरिंग रस्त्यावर पडते आणि तिच्याच संघातली ब्लांका वॉश पुढे जाऊन टप्पा जिंकते, तर असल्या संघाला संघ तरी का म्हणायचं, असं तू चिडून लिहिलंयस. २०२४ची टूर द फ्रान्स फाम, म्हणजे बायकांची टूर, पाहिलेल्या निम्म्या लोकांचा राग हाच आहे. मला मात्र तो राग चुकीच्या जागी निघतोय असं वाटतं. आधी हिशेब मांडते, मग तूच ठरव.

पाचवा टप्पा बास्तोन ते आम्नेव्हिल, १५२.५ किमी. सकाळी व्होलरिंग काशा न्येव्हियादोमाच्या, म्हणजे शेवटी टूर जिंकलेल्या मुलीच्या, ३४ सेकंद पुढे होती. शेवटचे साधारण ६ किमी उरले असताना एका वळणावर घोळका कोसळला. व्होलरिंग विजेतीपेक्षा १ मिनिट ४७ सेकंद उशिरा पोचली. न्येव्हियादोमा टप्प्यात दुसरी आली, तिला ६ सेकंदांचा बोनस मिळाला, म्हणजे तेवढी तिची एकूण वेळ कमी झाली. १:४७ अधिक ६ सेकंद, वजा ३४, म्हणजे व्होलरिंग आता १:१९ मागे. सातव्या टप्प्यात तिसरी येऊन तिने ४ सेकंदांचा बोनस घेतला, अंतर १:१५ झालं. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर ती न्येव्हियादोमापेक्षा १:०१ आधी पोचली आणि विजेतीचा १० सेकंदांचा बोनसही तिलाच मिळाला. उरले ४ सेकंद, आणि तेवढ्यानेच ती हरली. तिसरी आलेली पॉलिना रोयाकर्स १० सेकंद मागे होती. चढाच्या वेगाने, म्हणजे ताशी १६-१७ किमीने, ४ सेकंदांत सायकल जेमतेम १८ मीटर जाते. दोन एसटी मागेपुढे उभ्या केल्या तर त्यांची लांबी याहून जास्त भरेल.

आता वॉशचं बघ. टप्प्याच्या विजेतीला १०, दुसरीला ६, तिसरीला ४ सेकंद मिळतात. वॉश तिथे नसती आणि बाकीचा क्रम तोच राहिला असता, तर न्येव्हियादोमा पहिली आली असती आणि तिला ६ ऐवजी १० सेकंद मिळाले असते. म्हणजे वॉशच्या विजयाने व्होलरिंगचे ४ सेकंद वाचवले! त्या विजयावर राग काढण्यात अर्थ नाही. दोष शोधायचा तर अंतिम रेषेच्या मागे शोधायला हवा: त्या ६ किमीत व्होलरिंगला ओढून न्यायला पुरेशी माणसं का नव्हती?

ते समजायला वाऱ्याचं गणित लागतं. सपाट रस्त्यावर दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून गेलं की एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताकद वाचते. ढोबळ आकडे धरू. पुढचा गट ताशी ५० किमीने जातोय, ६ किमीला त्याला ७ मिनिटं १२ सेकंद लागतील. पडून उठलेली एकटी मुलगी ४२ने गेली तर तिला ८:३४ लागतात. ८२ सेकंद तिथेच गेले, उठण्यात आणि सायकल सावरण्यात गेलेला वेळ वेगळा. तीन सहकारी आळीपाळीने पुढे येऊन ४६-४७चा वेग धरू शकल्या, तर त्याच ६ किमीत नुकसान ३०-४० सेकंदांवर येतं. फरक जवळपास पाऊण मिनिटाचा पडतो, आणि टूर ४ सेकंदांनी गेली.

नियमांनीही तिला वाचवलं नाही. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किमीच्या आत पडलं तर आपण ज्या गटात होतो त्या गटाचीच वेळ मिळते. इथे अपघात त्या हद्दीच्या बाहेर झाला, त्यामुळे घड्याळ चालू राहिलं.

नेता पडल्यावर चांगला संघ काय करतो तेही सांगते, कारण टीव्हीवर ते कधी नीट दिसत नाही. पहिली नजर माणसाकडे: डोक्याला मार बसलाय का, प्रश्नाला सरळ उत्तर देतेय का. मग सायकल: हँडल फिरलंय का, मागचा डिरेल्युर (गिअर बदलणारा भाग) आत वाकलाय का, ब्रेकची डिस्क घासतेय का. डिस्क ब्रेक आल्यापासून चाक बदलायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक वेळा अख्खी सायकलच बदलतात. संघाची गाडी शर्यतीतल्या क्रमाने मागे असते. पिवळ्या जर्सीची गाडी सगळ्यांत पुढे असली, तरी रस्ता पडलेल्यांनी अडला की तीही अडकते. म्हणून साधारण त्याच उंचीची सहकारी जवळ असेल तर ती आपली सायकल काढून देते. मागे आलेली एक तिथेच थांबते. पुढच्या गटातल्या दोघींनी मात्र थांबायचं नसतं, आणि ही गोष्ट अनुभवी संघांचीही चुकते. त्यांनी गटाच्या शेपटीला सरकायचं, पाय सैल सोडायचे आणि नेता मागून येईपर्यंत हळूहळू जात राहायचं. जागीच थांबलं तर पुन्हा वेग पकडण्यातच दम जातो. मग प्रत्येकीने पुढे १५-२० सेकंदच ओढायचं, त्याहून जास्त नाही, कारण लांब ओढलं की वेग खाली येतो.

हे सगळं रेडिओवरच्या एका स्पष्ट वाक्यावर अवलंबून असतं: कोण पडलं, उठली का, कोणी मागे यायचं. शेवटच्या ६ किमीत कानात एकाच वेळी वळणांच्या सूचना, स्प्रिंटची आखणी आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा असतो. वॉशनेही नंतर सांगितलं की मागे नेमकं काय घडलंय याची तिला नीट कल्पना नव्हती. मी ते खरं मानते. पण ते खरं असेल तर जबाबदारी संघाच्या गाडीत बसलेल्या संचालकांवर येते, मुलीवर नाही. व्होलरिंग त्या वर्षाअखेर एसडी वर्क्स हा आपला संघ सोडणार होती, त्यामुळे मुद्दाम केलं असा संशय पसरला. त्या संशयाला पुरावा मला कुठे दिसला नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. या शर्यतीत संघात सात जणी असतात, पुरुषांच्या टूरमध्ये आठ. एसडी वर्क्सने त्यातच लोरेना वीबेसला स्प्रिंटसाठी आणलं होतं. टप्पे जिंकायचे आणि पिवळी जर्सीही राखायची, अशी दोन कामं सात जणींत वाटली की अडचणीच्या क्षणी मागे पाठवायला माणूस उरत नाही. ही निवड महिनाभर आधी कागदावर झालेली असते.

शेवटच्या दिवसाबद्दल तू विचारलंस, की व्होलरिंगने आल्प द्युएझची वाट न बघता त्याआधीच्या ग्लाँदोंच्या चढावरच का हल्ला केला. १:१५ भरून काढायचे होते. आल्प द्युएझ १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के. बरोबरीच्या ताकदीच्या मुलीला तेवढ्या एका चढावर सव्वा मिनिटाने मागे टाकणं फार कठीण. ग्लाँदों जवळजवळ २० किमी लांब, म्हणून तिथे घाव घालणं बरोबरच होतं. पण ग्लाँदोंचा माथा आणि आल्पचा पायथा यांच्यामध्ये लांब उतार आणि सपाट दरी आहे. दरीत व्होलरिंगबरोबर रोयाकर्स होती, आणि तिला पुढे येऊन ओढण्यात फारसा रस नव्हता. का असावा? तिलाही एकूण क्रमवारीत जागा मिळवायची होती. मागे न्येव्हियादोमाच्या गटात लिड्ल-ट्रेक संघाच्या ल्यूसिंडा ब्रँडने आपल्या नेत्या गाया रेआलिनीसाठी दरीभर वेग धरला. ब्रँडचं न्येव्हियादोमाशी काही देणंघेणं नव्हतं, पण तिच्या चाकामागे बसून न्येव्हियादोमाची ताकद वाचली आणि अंतर हाताबाहेर गेलं नाही. न्येव्हियादोमाचं डोकं इथे दिसलं. ग्लाँदोंवर छाती फुटेस्तोवर व्होलरिंगच्या मागे न जाता ती आपल्या लयीत चढली आणि दरीत दुसऱ्यांचा वारा वापरला. आल्पवर ती एकटी पडली तेव्हा तिच्याकडे शेवटच्या किलोमीटरपुरतं काहीतरी शिल्लक होतं. तिच्या विजयाला 'नशिबाने मिळाला' म्हणणाऱ्यांनी तो उतार आणि ती दरी पुन्हा पाहावी.

व्होलरिंगने सपाटीवर शर्यत गमावण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०२३च्या व्हुएल्ता फेमेनिनामध्ये, म्हणजे स्पेनमधल्या बायकांच्या शर्यतीत, सहाव्या टप्प्यात आघाडीची लाल जर्सी तिच्या अंगावर होती. ती लघवीसाठी थांबली, आणि बाजूचा वारा असलेल्या रस्त्यावर मोव्हिस्टार संघाने वेग वाढवला. त्यांची आनेमिक व्हान फ्ल्यूटेन पुढच्या गटात होती, व्होलरिंग मागे राहिली आणि त्या दिवशी मिनिटाहून जास्त वेळ गेला. दुसऱ्या दिवशी लागोस दे कोवादोंगाच्या चढावर तिने टप्पा जिंकला, जवळजवळ मिनिटभर परत मिळवलं, तरी व्हुएल्ता ९ सेकंदांनी व्हान फ्ल्यूटेनकडे गेली. नेता थांबलेला असताना हल्ला करू नये हा अलिखित रिवाज मोडला, असं एसडी वर्क्सच्या बाजूने म्हटलं गेलं. त्या जागी वेग वाढवायचं आधीच ठरलं होतं, असं मोव्हिस्टारचं म्हणणं.

मी मोव्हिस्टारच्या बाजूने आहे, आणि कारण भावनेचं नाही, रस्त्याचं आहे. वारा बाजूने आला की घोळका तिरका होतो. पहिली मुलगी वाऱ्याकडच्या कडेला, दुसरी तिच्या किंचित मागे आणि आडोशाच्या बाजूला, अशी तिरकी ओळ रस्त्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत जाते. रस्ता जितका रुंद तितक्याच जणी त्या ओळीत मावतात, समज बारा-पंधरा. सोळावीला आडोसा मिळत नाही. ती कडेच्या गटारालगत एकामागे एक अशा रांगेत लटकते आणि थोड्या वेळात तुटते. म्हणून वारा फिरण्याच्या वळणाआधी पहिल्या वीसात असणं हे नेत्याचं कामच आहे. नकाशावर ते वळण सगळ्या संघांना दिसत असतं. तिथे थांबायचं असेल तर वळणाच्या १५-२० किमी आधी थांबायचं, आणि दोन सहकाऱ्यांनी बरोबर थांबायचं.

मात्र एक न्याय्य तक्रार आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. पुरुषांना चालत्या सायकलवरून कडेला उरकता येतं. बायकांना उतरावं लागतं, आडोसा शोधावा लागतो, खांद्याच्या पट्ट्यांची चड्डी सोडवावी लागते. हल्ली मागून उघडणाऱ्या चड्ड्या आल्यात, तरी मिनिट-दीड मिनिट जातंच. शिवाय टप्पे छोटे, म्हणून पुरुषांच्या शर्यतीतले ते निवांत दोन तास इथे मिळतच नाहीत. रिवाज तिकडून उचलून आणले, पण इकडचं वेळापत्रक वेगळं आहे. २०२३च्या टूरमध्ये काओर ते रोदेझ हा टप्पा १७७.१ किमीचा होता, तसे दिवस इथे विरळाच.

त्याच टूरमध्ये पाचव्या टप्प्यात व्होलरिंगला २० सेकंदांचा दंड झाला. पंक्चरनंतर परतताना ती संघाच्या गाडीचा आडोसा घेत आली, आणि गाडीतले संचालक डॅनी स्टाम यांना शर्यतीतून काढलं गेलं. गाड्यांच्या रांगेतून एकेका गाडीला ओलांडत परत येणं चालतं. आपल्याच गाडीच्या बंपरमागे लांबवर बसणं चालत नाही. पंच बऱ्याचदा थोडं दुर्लक्ष करतात, म्हणून सीमारेषा धूसर राहते आणि शिक्षा झाली की अन्याय वाटतो. पुढे टूरमाले चढावरचा टप्पा तिने जिंकला आणि टूर ३ मिनिटं ३ सेकंदांनी, त्यामुळे ते २० सेकंद विस्मरणात गेले. त्या वर्षी दुसरी लोटे कोपेकी आणि तिसरी न्येव्हियादोमा यांची एकूण वेळ सारखीच होती. टाइम ट्रायलमधल्या (घड्याळाविरुद्ध एकेकटीने धावायच्या टप्प्यातल्या) सेकंदाच्या अंशांवर क्रम लागला.

२०२५चं वेगळं. पोलीन फेरां-प्रेव्होने मादलेनच्या चढावर सगळ्यांना मोडलं आणि टूर ३:४२ने जिंकली, तिथे सपाटीच्या चुकांना जागाच नव्हती. वाद झाला तो तिने आधी ४ किलो वजन उतरवल्याचा. कोवळ्या मुली तिचं अनुकरण करतील ही भीती मला खरी वाटते.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर ज्याने खरंच वाईट वाटतं ते लिहिते. सप्टेंबर २०२४मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत पावसात म्युरियल फुरर ही अठरा वर्षांची स्विस मुलगी झाडीजवळ पडली आणि शर्यत पुढे गेली. ती कुठे आहे ते वेळेत कळलं नाही, ती वाचली नाही. जागतिक स्पर्धेत संघांचे रेडिओ नसतात. पुढच्या ऑगस्टमध्ये महिलांच्या टूर द रोमांदीत प्रत्येक संघातल्या एकीने जीपीएस यंत्र बाळगावं असा जागतिक सायकलिंग संघटनेने नियम केला, म्हणजे पडलेली मुलगी कुठे आहे ते कळेल. पाच संघांनी ती एक मुलगी स्वतः निवडायला नकार दिला आणि ते सुरू होण्याआधीच बाद झाले. संघांचे आक्षेप मी वाचलेत, त्यांत तथ्य आहे. तरी ते ६३ ग्रॅमचं यंत्र दोन्ही बाजूंनी आधी बसून ठरवून सगळ्याच मुलींच्या सायकलला लावायला हवं होतं.

पुढचा टप्पा बघशील तेव्हा चढ सुरू होण्याआधीचे १५ किमी सोडू नकोस. पिवळी जर्सी कितव्या ओळीत आहे, तिच्या आसपास तिच्याच रंगाच्या किती जणी आहेत, झेंडे कुठल्या दिशेला फडफडतायत, एवढं मोज. दोघींहून कमी सहकारी दिसल्या तर मला लगेच कळव, त्या दिवशीचा टप्पा आपण फोनवर एकत्रच बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मृणाल