कॅनडाला मुलं पाठवणाऱ्या पुण्यातील पालकांसाठी सूचना

पालकहो, फी भरण्याआधी कॉलेज कॅनडा सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या, म्हणजे डीएलआयच्या यादीत आहे ना, हे सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंट डेक्कनचा असो वा कोथरूडचा, नुसत्या त्याच्या शब्दावर जाऊ नका. डीएलआय क्रमांक इंग्रजी ‘ओ’ अक्षराने सुरू होतो, शून्याने नाही. अर्जात तसाच भरा.

यादीत नाव आहे म्हणून शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळेलच असं नाही. ते कॉलेज आणि कोर्स दोन्हींवर ठरतं, वेगळं तपासा. कर्ज काढून पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच, कळकळीने सांगतोय.

नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नव्या स्टडी परमिटसाठी अर्ज करावा लागतो. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर काम आठवड्याला २४ तासच.