पातळी तपासायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

लढाऊ विमानांच्या इंजिनांवर काम करायला लागलो तेव्हा तेल म्हणजे तेल, एवढीच माझी अक्कल होती. सकाळी थंड इंजिनाच्या टाकीत पातळी खाली दिसली आणि मी डबा फोडायला निघालो. तुम्ही एवढंच विचारलंत, "इंजिन बंद होऊन किती तास झाले?" रात्रभरात टाकीतलं तेल गिअरबॉक्सकडे झिरपतं आणि इंजिन फिरलं की परत येतं. मी भरलं असतं तर टाकीत जास्तीचं तेल झालं असतं. पातळी बघायची ती इंजिन बंद केल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेतच. त्या दिवशी ओरडला नाहीत, त्याचे आभार आधी मानतो.

मग डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ सांगितलात. ते इंजिन तेलांच्या लष्करी मानकांचे क्रमांक: ७८०८ अमेरिकी हवाई दलाच्या गरजेतून आलं, २३६९९ नौदलाच्या. १०० अंश सेल्सियसला पहिल्याच्या ग्रेड ३ चा दाटपणा सुमारे ३ सेंटिस्टोक, दुसऱ्याचा सुमारे ५. पातळ तेल उणे ५४ अंशांच्या गारठ्यातही इंजिन फिरू देतं, दाट तेल बेअरिंग आणि गिअरवर जास्त भक्कम थर धरतं. दोन्ही एस्टरची, म्हणजे कृत्रिम तेलं. खनिज तेल इंजिनाच्या उष्णतेत कोक (जळून कडक झालेला थर) धरून नळ्या बुजवील, हे तुम्ही काजळीने भरलेली एक जुनी नळी हातात देऊन पटवलंत. व्याख्यानापेक्षा ती नळी जास्त बोलली.

एस्टरचे नखरेही तुम्हीच दाखवलेत. सांडलं तर रंग फुगतो, नायट्राइल रबराचे सील बिघडतात. ओलावा शिरला तर एस्टर फुटून आम्ल होतं, म्हणून उघडा राहिलेला डबा इंजिनात ओतायचा नाही. झीज रोखायला त्यात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे विषारी रसायन असतं, म्हणून हातमोजे. (ते न घालता काम करणाऱ्यांना तुम्ही लावलेली विशेषणं इथे लिहीत नाही.)

सगळ्यात मोठं ऋण मात्र सॅम्पलचं, म्हणजे इंजिनाची झीज कळावी म्हणून तेलातला धातू मोजायला घेतलेल्या नमुन्याचं. लोहाचा एखादा आकडा वर गेला की मी घाबरायचो. तुम्ही आधीची सॅम्पलं शेजारी मांडायचात: चढ सावकाश आहे की एकदम, मधे तेल बदललं का, तेलातले लोहकण पकडणाऱ्या चुंबकी प्लगवर कण दिसतात का. सॅम्पल इंजिन गरम असतानाच घ्यायचं, नाहीतर धातू तळाशी बसतो, हे तर तुम्ही मला तीनदा सांगितलंत.

तुमची नोंदवही अजून माझ्याकडेच आहे. हवी असल्यास कळवा; मागच्या पानांवर आता माझेही आकडे आहेत.

आपला,
एक जुना शिकाऊ