निर्वासितांना जुने कपडे पुरे झाले, आता एक सही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं की परदेशातून पळून आलेल्या लोकांचं पुण्याला काय देणंघेणं, आपल्याच पोरांना घरं मिळेनात, सोसायट्यांनी सरळ ठराव करून टाकावा की फॉरेनरला फ्लॅट नाही. तेव्हाच उत्तर लिहायचं होतं पण घरात पाहुण्यांची वर्दळ होती म्हणून राहिलं, आता लिहितेय, थोडं लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

मी रिटायर्ड बँकवाली बाई, समाजसेविका वगैरे अजिबात नाही. आमच्या ओळखीतल्या एका अफगाण कुटुंबाची कागदपत्रं करून देताना जे बघितलं त्यावरून बोलतेय. नवरा इथे शिकायला आलेला, बायको आणि मुलं मागून आली, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं, झालं, परतीचा विषय संपला. पुण्यात तेव्हा अशी खूप अफगाण मुलंमुली होती, बरीचशी सरकारच्या आयसीसीआर स्कॉलरशिपवर आलेली. त्यांचं पुढे काय करायचं ह्याचं ठरलेलं उत्तर आपल्याकडे नव्हतं, कारण भारताने १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सहीच केलेली नाही आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी लोकांचं सरकार बघतं, श्रीलंकेच्या तमिळांचं सरकार बघतं, अफगाण माणूस असेल तर दिल्लीला यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेच्या, ऑफिसात नाव नोंदवायचं आणि व्हिसाची मुदतवाढ मागत राहायचं.

आता पुणेकरांचं सांगते. ह्या कुटुंबाची गोष्ट कानावर गेल्यावर पहिल्या महिन्यात इतकं सामान आलं की ठेवायला जागा नाही. ब्लँकेटं, कुकर, मुलांचे स्वेटर, दोन-दोन मिक्सर. एका ताईंनी तर त्या बाईच्या हातचा पुलाव खाऊन लगेच सुचवलं की आपण हिचा अफगाणी फूडचा स्टॉल लावू या. आता ह्या ताईंना कोण सांगणार की त्या बाईच्या व्हिसावर धंदा करता येत नाही, स्टॉल लागला तर पहिली अडचणीत तीच येणार. असो, हेतू चांगला होता.

पण भाड्याचं घर म्हटलं की सगळे गप्प. मालक तयार, डिपॉझिट तयार, ब्रोकर तर एका पायावर तयार, सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र "आमची कमिटी फॉरेनरला परमिशन देत नाही" म्हणून सांगितलं. घर नाही तर रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट नाही, ते नाही तर पत्त्याचा पुरावा नाही, पत्ता नाही म्हणून बँक खातं उघडत नाही आणि व्हिसाच्या मुदतवाढीच्या फॉर्मलाही राहत्या पत्त्याचा कागद लागतोच. मी आयुष्यभर काउंटरच्या पलीकडे बसले त्यामुळे मला केवायसी का लागतं हे कळतं, नियमाला माझा विरोध नाही. पण जो माणूस देशातून एक बॅग घेऊन निघाला त्याच्याकडे जामीन राहणारा काका, ओळख देणारा शेजारी, रेफरन्सला नंबर द्यायला जुना बॉस ह्यातलं काहीच नसतं आणि आपली अख्खी सिस्टीम त्यावरच चालते. त्याला मिक्सरपेक्षा कुणाची तरी सही जास्त लागते. आणि सही द्यायची म्हटली की आपण पुणेकर लगेच "घरी विचारून सांगतो".

शाळेचंही तेच. धाकटीच्या अ‍ॅडमिशनला एका शाळेने टीसी मागितला. काबूलच्या शाळेचा टीसी आता कोण आणून देणार? आरटीई म्हणजे शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात, २००९ च्या, स्वच्छ लिहिलंय की सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं, टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवायचा नाही आणि वयाचा दाखला नाही म्हणून नाकारायचा नाही. ते कलम प्रिंट काढून नेल्यावर मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. पण प्रिंट काढून कोण नेणार, त्या आईला तेव्हा रिक्षावाल्याशी बोलायलाही जमत नव्हतं. पोरीला मात्र शाळेत गेल्यावर दिवाळीपर्यंत मराठी यायला लागलं, आता ती आईची दुभाषी झालीय, दवाखान्यात पण तिलाच बोलावं लागतं, आणि हे मला काही बरं वाटत नाही, आईचं दुखणं आठ वर्षांच्या पोरीने डॉक्टरला सांगायचं म्हणजे.

माझी भाची अमेरिकेत ओहायोला कोलंबसमध्ये असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथे भूतानमधून हाकललेले नेपाळी बोलणारे लोक भेटले. नव्वदच्या आसपास त्यांना देश सोडावा लागला, जवळजवळ वीस वर्षं पूर्व नेपाळच्या छावण्यांमध्ये काढली, मग २००७ पासून एक लाखाच्या वर लोकांना आठ देशांनी घेतलं, त्यातले बहुतेक अमेरिकेने. तिथली पद्धत मला आवडली, म्हणजे सगळीच नाही. विमान उतरायच्या आधी निर्वासितांची सोय बघणाऱ्या संस्थेने फ्लॅट भाड्याने घेतलेला असायचा, त्यात गाद्या, भांडी, पहिल्या दिवसाचं त्यांच्या चवीचं जेवण. मग एकजण बरोबर फिरून सोशल सिक्युरिटीचा नंबर, मुलांची शाळा, डॉक्टरची तपासणी करून द्यायचा. वाईट भाग हा की संस्थेचा हा कार्यक्रम ९० दिवसांचा, नंतर कामाला लागा, आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे पण बिनव्याजी कर्ज म्हणून हप्त्याने फेडा. म्हातारी माणसं तिथे घरात कोंडून बसलेली मी पाहिली, बस कळत नाही, भाषा कळत नाही, मुलगा-सून गोदामात नाईट शिफ्टला. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर तिकडच्या सरकारने निर्वासित घ्यायचा कार्यक्रमच थांबवला. म्हणजे सगळं सरकारच्या मर्जीवर सोडलं की असंही होतं.

त्यापेक्षा कॅनडाचं ऐका. तिथे १९७९ पासून साध्या नागरिकांना परवानगी होती (पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवलं), पाच जणांनी एकत्र यायचं, लेखी हमी द्यायची की ह्या कुटुंबाचं साधारण एक वर्ष घरभाडं, खर्च, शाळा, दवाखाना आम्ही बघू. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून १९७९-८० ह्या दोन वर्षांत जे साठ हजार लोक तिथे गेले त्यातले निम्म्याहून जास्त असे चर्च, ऑफिस, गल्लीतल्या लोकांनी घेतलेले. मला त्यातली सहीची गोष्ट महत्त्वाची वाटते. पाच जण नावानिशी बांधलेले असतात, त्यामुळे पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरला तरी सहाव्या महिन्यात फोन उचलावाच लागतो. आपल्याकडे भिशीत नाही का, एकदा नाव घातलं की जड गेलं तरी हप्ता भरावाच लागतो, तसं.

आणि पुण्याला हे नवीन आहे असं कुणी म्हणू नये. फाळणीनंतर सिंधी लोक आले, पिंपरी कॅम्प त्यांनी उभा केला, सरकारने तेव्हा धंद्यासाठी कर्जं दिली, १९५४ मध्ये शेजारीच एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही औषधांची सरकारी कंपनी आली, आज लग्नाची खरेदी करायला अर्धं पिंपरी-चिंचवड त्याच कॅम्पात जातं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तर पुणेकर स्वतःच एका सकाळीत बेघर झाले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, आमचं सहकारनगर, हे सगळं त्यानंतर वसलं. माझ्या सासूबाई निसेन हटमधले, म्हणजे पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या घरांमधले, दिवस सांगायच्या, उन्हाळ्यात पत्रा तापायचा ते. पण छप्पर लवकर मिळालं तरी पूरग्रस्तांच्या जागेच्या मालकीचे कागद पन्नास वर्षांहून जास्त रखडले, नातवंडांना घर रिडेव्हलपमेंटला द्यायचं तर तिथे येऊन अडकायचं. फॉरेनरला फ्लॅट नको म्हणणारे ते वाचक ज्या एरियातून लिहितात तो पण पूरग्रस्तांचाच, म्हणून जास्त राग आला खरं तर.

सुरक्षेचं म्हणाल तर तो मुद्दा मी उडवून लावत नाही. खोटे कागद करून राहणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये, त्यांच्यावर कारवाई होतेय ती व्हावी. पण म्हणूनच तर परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचा नियम आहे, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, शिवाय भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करायची. हे दोन्ही केलं की पोलिसांना माहिती असते वरच्या मजल्यावर कोण राहतंय. उलट सगळ्या सोसायट्यांनी दार लावलं तर हे लोक कुठेतरी कोपऱ्यात विना-अ‍ॅग्रीमेंट डबल भाडं देऊन राहणार, कुठे नोंद नाही काही नाही, आणि मग तीच सोसायटीवाली मंडळी म्हणणार बघा हे लोक लपून राहतात.

पाकिस्तानातून आलेल्या सिंधी हिंदूंचं उदाहरण बघा. लाँग टर्म व्हिसावर असलेल्यांना २०१६ मध्ये केंद्राने पॅन, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं, राहण्यापुरतं घर घ्यायची सवलत दिली, आणि नागरिकत्व द्यायचे अधिकार काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले त्यात पुणे पण होतं. कागद हातात पडला की माणूस दुकान काढतो, टॅक्स भरतो. कुठल्या धर्माचं माणूस कायद्यात बसतं हा दिल्लीचा विषय, त्यात मी पडत नाही, मी फक्त एवढंच म्हणतेय की ज्यांचा व्हिसा व्यवस्थित आहे त्यांना तरी आपण आपल्या पातळीवर अडवू नये.

तर माझी सूचना अशी. सोसायटीत नाहीतर मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये पाच घरांनी मिळून एक कुटुंब वर्षभर धरायचं. एकाने अ‍ॅग्रीमेंटला साक्षीदार राहायचं, एकाने बँक आणि व्हिसाचे फॉर्म, एकाने शाळा, एका बाईने त्या बाईला दवाखान्यात, मंडईत सोबत न्यायचं म्हणजे पोरीला दुभाषी व्हावं लागणार नाही, आणि पाचव्याने निदान कमिटीत भांडायचं. पैसे फार लागत नाहीत, डिपॉझिटची सोय झाली की पुढचं ते लोक स्वतः बघतात, कुणालाच आयुष्यभर दुसऱ्याच्या ब्लँकेटवर राहायचं नसतं.

तुमच्याकडून एकच अपेक्षा. शनिवारच्या पुरवणीत एक चौकट छापा, परदेशी भाडेकरू ठेवताना मालकाने काय काय भरायचं, कुठल्या साइटवर, शाळेत आरटीईचं कुठलं कलम दाखवायचं. आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीत मी हा विषय घातलाय, सेक्रेटरी म्हणाले काकू लेखी काहीतरी आणा, पेपरातलं कात्रण असेल तर जास्त बरं.

माझं नाव छापू नये, त्या कुटुंबाला उगाच लोक शोधत येतील.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे